वाजवणारा हात आणि संगणकातला ढोल

आज जयंतीचे गाणे करायला बसलेल्या तरुणापुढे ढोलकीवाला क्वचितच असतो. त्याच्यापुढे संगणकाचा पडदा असतो. पेण-रोह्याकडच्या बौद्धवाड्यांतही चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचा ताल अनेकदा असाच, पडद्यावर चौकोन भरून रचलेला असतो. त्या चौकोनातला ठोका आकाशातून आलेला नाही. तो केव्हातरी, कुठेतरी, एका माणसाने खऱ्या कातड्यावर मारलेला आहे. तो ध्वनिमुद्रित केला, कापला, साठवला आणि विकायला ठेवला. यालाच सॅम्पल म्हणतात, आणि अशा हजारो ठोक्यांच्या कोठाराला ड्रम सॉफ्टवेअर.

कोणत्या गाण्याला कोणते सॅम्पल घ्यावे, हा प्रश्न स्टुडिओवाल्यावर सोपवून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. कार्यकर्त्याने गाण्याचे शब्द तपासावेत, ताल तंत्रज्ञाने पाहावा, अशी ही वाटणी आहे. प्रस्तुत लेखकाला ती मान्य नाही. ज्या समाजावर ढोल वाजवण्याची पिढ्यान्‌पिढ्या सक्ती होती, आणि ज्याने तो ढोल स्वाभिमानाने खाली ठेवला, त्या समाजाने तरी 'हा वाजवणारा हात कोणाचा?' असे विचारल्यावाचून कोणताही ताल स्वीकारू नये. हा प्रश्न विचारण्यासाठी आधी थोडा इतिहास पाहावा लागेल.

१

जातिव्यवस्थेने कामे वाटली तसे आवाजही वाटले. वेदपठणाचा आवाज एका टोकाला आणि कातड्याचा आवाज दुसऱ्या टोकाला. मेलेल्या जनावराचे कातडे ज्यांच्या वाट्याला, त्या कातड्यापासून निघणारा नादही त्यांच्याच वाट्याला. देवळातल्या मूर्तीला ज्याचा स्पर्श चालत नसे, त्याचे वाजप मात्र पालखीपुढे लागे. दवंडी पिटणे, लग्नाच्या वरातीपुढे वाजवणे, मयताची वर्दी देणे ही कामे महाराष्ट्रात महार, मांग, होलार या जातींकडे कुठे हक्क म्हणून, कुठे बलुते म्हणून आणि बहुतेक ठिकाणी वेठ म्हणून चालत आली. हातातले वाद्य गावागणिक बदलले. घाटावर हलगी, कोकणात ढोल, टिमकी आणि सनईचा खालूबाजा. पण 'सण गावाचा, वाजप सेवेकऱ्याचे' ही रचना फारशी बदलली नाही.

ही सेवा ऐच्छिक कला होती, कलावंताचा मान होता, असे आज गोड शब्दांत सांगितले जाते. त्याला बाबासाहेबांनीच नोंदवून ठेवलेला पुरावा उत्तर देतो. 'जातिभेद निर्मूलन' या १९३६ च्या भाषणात त्यांनी इंदूर संस्थानातल्या बलाई या अस्पृश्य समाजाची हकीकत दिली आहे. १९२८ सालच्या वृत्तपत्रात ती आली होती. सवर्णांनी बलाईंवर जे नियम लादले त्यांत रंगीत काठाची वस्त्रे नेसू नयेत, सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, यांबरोबर एक नियम असा होता की, हिंदूंच्या प्रत्येक लग्नात बलाईंनी वरातीपुढे वाद्ये वाजवलीच पाहिजेत. बलाईंनी नकार दिला. मग त्यांच्यावर बहिष्कार पडला, विहिरी बंद झाल्या, आणि कित्येकांना घरदार सोडून जावे लागले. कलावंताला मान देणारा समाज त्याच्या विहिरीचे पाणी तोडत नाही. सक्तीचा ढोल हा गुलामीचा दस्तऐवज आहे, हे या एका नियमावरून कळते.

आपल्या जिल्ह्यात हा झगडा प्रत्यक्ष उभा राहिला. रायगड जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते. याच कुलाबा जिल्ह्याची बहिष्कृत परिषद १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला भरली आणि चवदार तळ्याचे पाणी मोकळे झाले. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडा, शिळ्या तुकड्यांसाठी गावाची हीन कामे करू नका, असा उपदेश केला. २५ डिसेंबर १९२७ रोजी तिथेच मनुस्मृतीचे दहन झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. वतन म्हणजे चोवीस तासांची गुलामी, हे ते सातत्याने सांगत होते. पण नकार देणे सोपे नव्हते. जमीन खोताची, घराखालची जागाही अनेकदा खोताची. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे अलिबाग तालुक्यात चरीचा शेतकरी संप चालला, आणि १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचे विधेयक आणले, ते याच पार्श्वभूमीवर. ज्याच्या पायाखाली स्वतःची जमीन नाही, त्याने पालखीपुढे वाजवायला नकार देणे म्हणजे उद्याच्या भाकरीला नकार देणे होते. तरीही तो दिला गेला. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतराने या नकाराला धम्माचे अधिष्ठान मिळाले, आणि १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतने रद्द करण्याच्या कायद्याने सेवेचा कायदेशीर आधारही गेला. कोकणातल्या अनेक घरांत ढोल आढ्याला टांगला गेला तो तेव्हा.

२

इथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. खाली ठेवला तो सेवेचा ढोल. ताल खाली ठेवला नाही.

याचा पुरावा आंबेडकरी जलशात आहे. सत्यशोधक जलशांची परंपरा पुढे नेत नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकात जलसा उभा केला. तमाशाचाच साचा घेतला, पण गण-गवळणीची जागा प्रबोधनाला दिली. ढोलकी तीच, श्रोता मात्र बदलला. पूर्वी ढोलकी पाटलाच्या वाड्यापुढे वाजे, आता ती परिषदेच्या मंडपात वाजू लागली. पुढे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी खेडोपाडी गाणे नेले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढले, आणि डफ-ढोलकी गिरणगावाच्या लढ्यात उतरली. विठ्ठल उमप (१९३१–२०१०) आणि प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांच्या आवाजाने भीमगीत घराघरांत गेले. कोकणातला चाकरमानी मुंबईच्या गिरणीत, गोदीत, चाळीत हे सारे ऐकत होता आणि शिमग्याला, जयंतीला गावी येताना ते बरोबर आणत होता. पेण-रोह्याच्या वाड्यांनी ताल टिकवला तो या मार्गाने. देवाच्या पालखीपासून तो सुटला आणि चळवळीच्या मंडपात आला.

एक तुलना इथे उपयोगी पडेल. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनामध्ये १७३९ साली स्टोनो येथे गुलामांनी बंड केले. ते ढोल वाजवीत, माणसे गोळा करीत निघाले होते. दुसऱ्याच वर्षी, १७४० च्या कायद्याने, गुलामांना ढोल बाळगण्यास आणि वाजवण्यास बंदी झाली. तिथे मालकाचा हुकूम होता की ढोल वाजवू नका. इथे हुकूम होता की ढोल वाजवलाच पाहिजे. वरवर हे उलटे दिसते, पण मर्म एकच आहे. वाजवणाऱ्याने केव्हा आणि कोणासाठी वाजवायचे, हे वाजवणाऱ्याने ठरवायचे नाही. म्हणून तिथे चोरून वाजवणे हा विद्रोह ठरला आणि इथे न वाजवणे हा विद्रोह ठरला. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा ब्लॅक पँथरचे नाव आपल्या तरुणांना जवळचे वाटले. त्या नात्याची एक बाजू तालातही आहे, आणि ड्रम यंत्राच्या इतिहासात ती ठळकपणे दिसते.

३

खऱ्या ठोक्यांचे डिजिटल मुद्रण वाजवणारे पहिले ड्रम यंत्र अमेरिकेत रॉजर लिन याने १९८० साली बाजारात आणले. त्याचे नाव लिन एलएम-१. त्यात अवघे बारा आवाज होते, किंमत सुमारे पाच हजार डॉलर, आणि पाचशेच्या थोडी वर यंत्रे बनली. त्याच साली जपानच्या रोलँड कंपनीने टीआर-८०८ काढले. त्यात सॅम्पल नव्हते, विद्युत मंडलातून कृत्रिम ठोके तयार होत. ते खऱ्या ड्रमसारखे वाजत नाहीत म्हणून प्रस्थापित संगीतकारांनी ते नाकारले. सुमारे बारा हजार यंत्रे बनवून कंपनीने उत्पादन थांबवले, आणि जुनी यंत्रे स्वस्तात विकली जाऊ लागली. ती काळ्या तरुणांच्या हाती पडली. त्यांनी त्या 'खोट्या' ठोक्यातून हिप-हॉप घडवले. आज जयंतीच्या मिरवणुकीत छातीत धडधडणारा जो खर्ज असतो, त्याचे मूळ पुष्कळदा या टाकून दिलेल्या यंत्रात असते.

१९८३ साली मिडी हे मानक आले. ठोका केव्हा पडला आणि किती जोराने पडला, हे आकड्यांत लिहिण्याची ही लिपी. जोराच्या १२८ पायऱ्या. त्यामुळे वाजवणारा आणि वाजणारा आवाज यांची फारकत झाली. बोट इथे, आवाज तिथला.

या फारकतीची किंमत कोणी दिली? १९६९ साली जेम्स ब्राऊनच्या वाद्यवृंदातला क्लाईड स्टबलफिल्ड याने 'फंकी ड्रमर' या गाण्यात काही सेकंदांचा एकट्या ड्रमचा तुकडा वाजवला. तो हजाराहून अधिक गाण्यांत कापून वापरला गेला. हक्क त्याच्या नावावर नव्हते. त्या सॅम्पलचे मानधन त्याला मिळाले नाही. २०१७ साली तो वारला. त्याच १९६९ सालचे 'द विन्स्टन्स' या मंडळींचे 'आमेन, ब्रदर' हे गाणे. त्यातला ग्रेगरी कोलमन याचा चार आवर्तनांचा, सहा-सात सेकंदांचा तुकडा हजारो गाण्यांचा पाया झाला. कोलमन २००६ साली बेघर अवस्थेत मरण पावला. मंडळींचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला २०१५ साली चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे चोवीस हजार पौंड दिले. कायद्याने नव्हे, लोकांच्या लाजेने. हात काळ्या माणसाचा, नफा दुसऱ्याचा, आणि नाव कोणाचेच नाही. वरातीपुढे वाजवणाऱ्या माणसाचे नाव लग्नपत्रिकेत कधी होते?

४

आता आपल्या मुलखाकडे येऊ. भोगावतीकाठचे पेण गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या आणि हमरापूर-जोहे परिसरातल्या कारखान्यांतून दरवर्षी लाखो मूर्ती बाहेर पडतात. कुंडलिकेकाठच्या रोह्यात दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघते, तिला पोलिसांची सशस्त्र मानवंदना असते. शिमगा आहे, आगरी-कोळ्यांची लग्ने आहेत, कातकरी आणि ठाकरांचे नाच आहेत, आणि त्यांच्या जोडीला १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, २० मार्च आणि २५ डिसेंबर हे आपले दिवस आहेत. वर्षभर वाजपाला मागणी असणारा हा मुलूख आहे. १९८६ साली रेल्वे रोह्यापर्यंत आली, १९९८ पासून कोकण रेल्वे रोह्याहून पुढे पूर्ण धावू लागली, आणि मुंबईची कॅसेट, मुंबईचे यंत्र इथे लवकर पोचू लागले.

या पट्ट्याने परके वाद्य आपलेसे करण्याची खोडही आधीपासून दाखवली आहे. रायगड-ठाण्यात ज्याला आपण बेंजो म्हणतो, ते कळा दाबून तारा छेडायचे वाद्य मूळचे जपानी. १९१२ साली नागोया शहरात ते तयार झाले, हिंदुस्थानात बुलबुलतरंग झाले, आणि आपल्याकडे वीज जोडून 'बेंजो पार्टी'चा कणा झाले. तसेच ऑक्टोपॅडचे. रोलँडने १९८५ साली आठ रबरी चौकोनांचे यंत्र काढले. काठी इथे मारायची, ठोका जोडलेल्या यंत्रातून निघायचा. पुढे कंपन्या आणि नमुने बदलले, पण आपल्याकडे अशा प्रत्येक यंत्राचे नाव ऑक्टोपॅडच राहिले. बेंजो पार्टीत तो आला आणि एका माणसाच्या पुढ्यात ढोल, टिमकी, ताशा, झांज सगळे आले.

याचे दोन अर्थ आहेत, आणि दोन्ही खरे आहेत. पहिला असा की, वाजवण्याचा जातीशी असलेला धागा तुटला. ऑक्टोपॅडला कातडे नाही, म्हणून विटाळ नाही. तो कोणत्याही जातीचा मुलगा वाजवतो, पैसे ठरवून वाजवतो, आणि नाही म्हणतो तेव्हा त्याची विहीर कोणी बंद करत नाही. हे परिवर्तन लहान नव्हे. दुसरा अर्थ असा की, चार माणसांची सुपारी एकाची झाली, आणि ज्या घरांत ढोल आढ्याला टांगला होता त्या घरांतली विद्या नातवापर्यंत पोचलीच नाही. सक्ती गेली हे योग्यच झाले. पण सक्तीबरोबर विद्याही जावी असे कोणी म्हटले नव्हते.

५

आता मूळ प्रश्न, सॉफ्टवेअर निवडावे कसे? विद्यार्थ्यांनी हे समजून घ्यावे, कारण दुकानात जे पहिले दाखवतात ते आपल्या गाण्यासाठी बनलेले नसते.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ही कोठारे अवाढव्य झाली. २००३ साली बीएफडी, २००६ साली ईझीड्रमर, आणि २०१७ साली आलेले सुपीरिअर ड्रमर ३. या शेवटच्यात बेल्जियमच्या स्टुडिओत मुद्रित केलेले सुमारे २३० गीगाबाइटचे ठोके आहेत. एकाच ढोलावर हळू, मध्यम, जोरात असे अनेक थर. एकाच जोराचे अनेक वेगवेगळे ठोके, म्हणजे तोच तोच ठोका यंत्रासारखा ऐकू येऊ नये. जवळचा माइक, दूरचा माइक, खोलीचा घुमार. रॉक आणि मेटलला यांतले मोठ्या ड्रमचे, जोरकस ठोक्यांचे संच लागतात. जॅझला ब्रशचे हलके थर आणि झांजेचे बारीक फरक लागतात, तिथे जोराच्या पायऱ्या जितक्या जास्त तितके बरे. फंकला कोरडा स्नेअर आणि त्याच्या आजूबाजूचे दबके ठोके हवेत. हिप-हॉपला उलट, थोडेच आवाज, पण प्रत्येकाला व्यक्तिमत्त्व. म्हणजे मोठे कोठार ते चांगले कोठार, हा नियम तिथेही नाही.

आपल्या गाण्याचे पाहू. पोवाड्याला डफ आणि तुणतुणे पुरते. शब्द पुढे राहिले पाहिजेत, म्हणून तिथे ड्रम-संच भरला की शाहीर बुडतो. जलशाची आणि लावणीची ढोलकी ही सॉफ्टवेअरची खरी परीक्षा. ढोलकीच्या उजव्या तोंडाला शाई असते, ते गाणाऱ्याच्या षड्जात मिळवावे लागते. डाव्या तोंडावर तळवा दाबून घुमारा ओढला जातो, आणि तो एका ठोक्यातून दुसऱ्यात वाहत जातो. सुटे ठोके कापून ठेवले की हा प्रवाह तुटतो. म्हणून ढोलकीसाठी सुट्या ठोक्यांपेक्षा वादकाने वाजवलेले पूर्ण आवर्तन घ्यावे. मात्र त्याची लय फार ताणू नये आणि स्वर दोन-तीन पट्ट्यांपलीकडे सरकवू नये, नाहीतर कातड्याचा आवाज डब्याचा होतो. भीम-कव्वालीला ढोलक, तबला आणि टाळी. टाळी एकाचीच दहा वेळा नक्कल करून लावली की ती खोटी वाटते. दहा जणांना उभे करून मुद्रित करावी. कोळीगीताचा झोका सहाचा आहे. बहुतेक सॉफ्टवेअर उघडताच चार-चारचे सोळा चौकोन पुढे करते, ते आधी बदलावे लागतात. न बदलणारा तरुण आपले गाणे त्या चौकोनात कोंबतो, आणि मग सगळी गाणी एकाच चालीची का झाली म्हणून आपण हळहळतो.

हलगीचे तर विशेष सांगितले पाहिजे. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. दोन आवाज, दोन वजने. कातडे जाळावर तापवून चढवलेले. तिच्या जागी स्नेअर ड्रम लावण्याची वाईट सवय पडली आहे. स्नेअरखाली तारा असतात, त्यांचा सळसळाट हलगीत नसतो. हलगीचा कडकडाट कोरडा आणि टोकदार असतो. तिला दोन्ही हातांचे वेगवेगळे, आणि प्रत्येकी निदान सात-आठ ठोक्यांचे सॅम्पल हवे. शिवाय ऐकणारा मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरवर ऐकणार आहे, हे विसरू नये. त्यातून ८०८ चा खर्ज ऐकूच येत नाही, हलगी मात्र ऐकू येते. भोंग्यांच्या भिंतीवर विसंबून केलेला ताल मिरवणुकीबाहेर मुका होतो.

हिंदुस्थानी वाद्यांची सॉफ्टवेअरे आहेत. स्वित्झर्लंडच्या स्वर सिस्टिम्सचे स्वरप्लग त्यांतले एक जुने नाव. पण बाजाराचा क्रमही वर्णव्यवस्थेसारखाच दिसतो. तबल्याला पहिला मान, मग ढोलक-ढोलकी, आणि हलगी, संबळ, डिमडी, टिमकी यांची वाट लागलीच तर शेवटी. युरोपी ड्रम-संचाच्या पेटीवर वादकाचे आणि स्टुडिओचे नाव ठळक असते. 'एथ्निक' म्हणून विकल्या जाणाऱ्या पेटीत बहुतेक वेळा वाद्याचेच नाव असते, वादकाचे नसते. जुना गावगाडा नव्या पेटीत असा येऊन बसतो.

६

मग करावे काय? सर्व सॉफ्टवेअर टाकून द्यावे, असे सांगणे प्रतिगामी होईल. यंत्राने हात मोकळे केले आहेत, ते पुन्हा बांधायचे नाहीत. करायचे ते असे की, आपल्या तालाचे कोठार आपण करावे.

यासाठी २३० गीगाबाइट लागत नाहीत. हायड्रोजन आणि ड्रमगिझ्मो ही ड्रम सॉफ्टवेअरे आणि ध्वनी कापण्यासाठी ऑडॅसिटी ही सर्व मोफत आणि मुक्त आहेत. पेण किंवा रोह्याच्या एखाद्या वाडीतल्या जुन्या वादकाला बसवावे. पावसाळा टाळावा, कारण दमट हवेत कातडे सैल पडते. शांत खोलीत एका चांगल्या माइकपुढे प्रत्येक बोल हळू, मध्यम आणि जोरात, प्रत्येकी आठ-आठ वेळा घ्यावा. मग पूर्ण आवर्तने घ्यावीत, त्याच्या लयीत, घड्याळाच्या ठोक्यावाचून. हात किंचित मागे राहतो, किंचित पुढे जातो, तेच त्याचे स्वाक्षरीचे वळण असते. लिनच्या पहिल्या यंत्रातही ठोके सरळ रेषेत बसवण्याच्या सोयीबरोबर त्यांना झोका देण्याची सोय ठेवावी लागली होती, ती याचसाठी. आणि प्रत्येक फाइलीवर वादकाचे नाव, गाव, तारीख त्याच्या संमतीने लिहावी. मानधन आधी ठरवावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचे हक्क आले आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्याला व्यापारी वापरातल्या मोबदल्यात वाटा मिळाला. हे हक्क शहरातल्या गायकाला ठाऊक असतात, वाडीतल्या ढोलकीवाल्याला कोणी सांगत नाही. ते सांगणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आदराने ऐकला पाहिजे. आपल्या बापजाद्यांनी जे वाद्य अपमानाची खूण म्हणून टाकले, ते पुन्हा हाती घेणे म्हणजे १९५६ चा नकार पुसणे नव्हे काय? ज्या म्हाताऱ्याने पालखीपुढे वाजवताना शिव्या ऐकल्या, त्याने हलगीकडे पाठ फिरवली तर त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण नकार होता तो मालकाच्या हुकमाला. तामिळनाडूत 'परै' या ढोलावरून एका संपूर्ण समाजाला हीन नाव पडले, आणि तिथल्याच दलित तरुणांनी तो ढोल प्रतिकाराचे वाद्य म्हणून उभा केला. दिंडिगलच्या शक्ती कलापथकात दलित मुली तो वाजवतात. २०१८ साली चेन्नईत 'कास्टलेस कलेक्टिव्ह'ने तो गिटार आणि ड्रम-संचाच्या बरोबरीने मंचावर आणला. आपल्याकडेही कबीर कला मंचाच्या तरुणांनी डफ हाती घेतला तेव्हा त्यांना कोणी गावकीचे सेवेकरी म्हटले नाही. वाद्य तेच, हुकूम कोणाचा यावर त्याचा अर्थ ठरतो. आणि संगणकाने आणखी एक दार उघडले आहे. ज्या मुलीच्या हाती ढोलकी दिली जात नव्हती, ती आज आपल्या आजोबांचे ठोके घेऊन ताल रचू शकते.

सॉफ्टवेअर निवडताना म्हणून तीन गोष्टी विचाराव्यात. हा ठोका माझ्या गाण्याच्या चालीचा आहे काय? तो कोणाच्या हाताचा आहे? आणि त्या हाताला नाव व दाम मिळाले काय? पहिला प्रश्न संगीताचा आहे, उरलेले दोन चळवळीचे. ज्यांचे आजे वरातीपुढे निनावी वाजले, त्यांच्या नातवांनी दुसऱ्या कोणाला निनावी वाजवू नये. आढ्याला टांगलेले ढोल अजून काही घरांत आहेत, ते वाजवणारे हात थकत चालले आहेत. ते मुद्रित करायचे तर आताच.